चारही चाकांना जोर, तरी गाडी वाळूतच

अलिबाग, काशीद, केळवे, गोराई. किनारा बदलतो, व्हिडिओ तोच असतो. वीस-पंचवीस लाखांची एसयूव्ही वाळूत पोटापर्यंत रुतलेली, भरतीचं पाणी दरवाज्याला लागलेलं, मालक पँट वर दुमडून उभा, आणि गाडीला दोर बांधून ओढणारा ट्रॅक्टर नाहीतर बैलजोडी. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. एक विचारतो, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देऊ शकणारी गाडी) घेऊन काय उपयोग झाला? दुसरा छातीठोकपणे सांगतो, ही फोर बाय फोर नसणारच. तिसऱ्याचं निदान असं, की याने फोर-एल, म्हणजे कमी गतीचा आणि जास्त जोराचा गिअर, लावायला हवं होतं.

तिघांपैकी कोण बरोबर हे व्हिडिओ पाहून सांगता येत नाही. मागच्या दारावर फोर बाय फोरचा बिल्ला असलेल्या गाडीची एका वेळी चार चाकं उपयोगाची असू शकतात, दोन असू शकतात, किंवा चक्क एकही नसू शकतं. हे ठरतं गिअरशेजारच्या त्या दुसऱ्या दांड्यावर, आणि त्याहून जास्त गाडीखालच्या डिफरेन्शिअल नावाच्या वस्तूवर, जिचा उल्लेख शोरूममधला सेल्समन सहसा करत नाही. मुंबईत थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर पावलोपावली दिसतात. त्यातल्या कित्येकांचा तो दुसरा दांडा किंवा नॉब गाडी घरी आल्यापासून हललेला नसतो. काहींचा मात्र पहिल्याच पावसात उत्साहाने हलवला जातो, आणि नको तिथे.

एका यू-टर्नचा हिशेब

सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीपासून. गाडी सरळ जात असेल तर चारही चाकं सारखंच अंतर कापतात. वळली की प्रत्येकाची वाट वेगळी होते. आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळावरून जातं, बाहेरचं मोठ्या.

फरक किती? मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरू. पूर्ण यू-टर्न घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.७ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की यू-टर्न दादरच्या गल्लीत अंग चोरून घ्या किंवा बीकेसीच्या रुंद रस्त्यावर ऐसपैस, हा आकडा बदलत नाही. दीड गुणिले ३.१४, संपला हिशेब. एसयूव्हीच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर असतो. म्हणजे एका यू-टर्नमध्ये बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळपास दोन फेरे जास्त मारावे लागतात.

दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली असतील, तर हे दोन फेरे आणायचे कुठून? मग एक टायर रस्त्यावर फरफटतो. लोकलच्या डब्याखाली खरोखरच अशी घट्ट जोडी असते. तिथे चाकांना किंचित निमुळता आकार देऊन काम भागवतात, आणि वळण फार तीव्र असेल तेव्हा काय होतं ते हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडच्या वळणाला कान देणाऱ्यांना माहीत आहे. डांबरावर रबरी टायरला ही सोय नाही.

गाडीखालचा लोखंडी गोळा

सिग्नलला ट्रकच्या मागे उभे असाल, तर त्याच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा लोंबताना दिसतो. त्याच्या पोटात डिफरेन्शिअल असतं: इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी, आणि तरी दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझची मोटार यायला अजून साठेक वर्षं होती.

गती वेगळी होऊ देण्याचं काम हे यंत्र चोख करतं. मात्र त्याच्या साध्या, म्हणजे ‘ओपन’ प्रकाराची एक खोड आहे. गती कितीही वेगळी असो, जोर दोन्ही चाकांना सारखाच मिळतो. पुढचा सगळा घोळ या एका खोडीतून निघतो, म्हणून इथे थोडं थांबू.

बैलगाडीचं जू डोळ्यांसमोर आणा. ते मधोमध दांडीला दोराने बांधलेलं असतं आणि त्या बांधावर थोडं फिरू शकतं. वळताना एक बैल पुढे गेला, दुसरा मागे राहिला, तर जू तिरकं होतं आणि गाडी वळते. आता समजा, एका बैलाने ओढायचंच सोडलं. दुसरा कितीही तगडा असला तरी त्याने जोर लावला की जू त्याच्या बाजूने फिरत जातं आणि गाडी जागची हलत नाही. त्याच्या अंगात ताकद नाही असं नव्हे. पलीकडून विरोध नसल्यामुळे त्याची ताकद दांडीपर्यंत पोचतच नाही.

ओपन डिफरेन्शिअलचं गणित नेमकं हेच. सोसायटीच्या उतारावर मागचं डावं चाक शेवाळावर आलं आणि उजवं कोरड्या काँक्रीटवर आहे. शेवाळावरचं चाक फिरवायला जेमतेम जोर पुरतो, म्हणून काँक्रीटवरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. डावं गरगरतं, उजवं शांत. तुम्ही ॲक्सिलरेटर आणखी दाबता, डावं आणखी गरगरतं. इंजिन १३० अश्वशक्तीचं असो की २०० चं, इथे काहीच फरक पडत नाही. ज्या चाकाची पकड सगळ्यात कमी, त्याच्या दुप्पट जोर, एवढीच त्या जोडीची कमाल मर्यादा.

टू-एच आणि फोर-एच

‘एच’ म्हणजे हाय, रोजची गती. टू-एचमध्ये इंजिनचा जोर एकाच ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीला जातो. वर नाव घेतलेल्या चारही गाड्यांत ती मागची जोडी. रोजच्या वापरात ही गाडी साधी रिअर-व्हील ड्राइव्ह असते.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा एक डबा असतो. फोर-एच लावलं की हा डबा पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्टही, म्हणजे जोर वाहून नेणारी फिरती सळईही, जोडतो. जोडतो म्हणजे अक्षरशः जखडतो: पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट आता एकाच गतीने फिरणार, मागे-पुढे व्हायची मुभा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची मांडणी हीच होती, आणि तीच जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीला माझगावात जुळवायला घेतली. १९८५ ला आलेली मारुती जिप्सी, आजची जिम्नी, थार ही सगळी त्याच घराण्यातली. याला पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. नावातच सूचना आहे: गरजेपुरतं लावा, मग काढा.

फायदा उघड आहे. मागच्या जोडीचा टायर चिखलात घसरायला लागला तरी पुढची जोडी गाडी ओढते.

सगळीकडे फोर-एच लावून ठेवलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न येतोच, आणि रास्त आहे. पकड वाढत असेल तर रोजच का नको?

पुन्हा यू-टर्नकडे जाऊ. वळताना पुढची जोडी नेहमी मागच्या जोडीपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जाते. म्हणून तर पुढचं चाक खांब चुकवतं आणि मागचं दार घासतं. अडीच मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या, गाडीने पाच मीटर त्रिज्येत यू-टर्न घेतला, तर पुढची जोडी मागच्यापेक्षा साधारण १.८ मीटर जास्त चालते. फोर-एचमध्ये तर दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले. तो १.८ मीटरचा फरक जिरवायला काहीतरी घसरावं लागतं.

चिखलात, वाळूत, सैल मुरुमावर टायर सहज थोडासा घसरतो आणि फरक जिरतो. कोरडं काँक्रीट टायरला सोडत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, हँडब्रेक राहिल्यासारखी गाडी अडखळते, बेसमेंट पार्किंगमध्ये वळताना ती मधेच उडी मारल्यासारखी करते. पुष्कळजण इथे घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात. गाडीत बिघाड नसतो, फोर-एच चालू राहिलेलं असतं. मात्र असंच दामटत राहिलात तर टायर झिजतात आणि ट्रान्सफर केसचं आयुष्य घटतं. कधी पीळ इतका बसतो की दांडा टू-एचवर परत येतच नाही. त्यावर उपाय साधा: गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उलगडतो आणि दांडा सुटतो. ओढाताण करू नका.

“पण माझ्या मित्राची गाडी तर कायम चारही चाकांवर चालते.” असेल. तिच्यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे तिसरं डिफरेन्शिअल असतं, त्यामुळे पीळ बसत नाही. १९८० च्या आउडी क्वात्रोने ही मांडणी रस्त्यावरच्या गाड्यांत गाजवली, लँड रोव्हर डिफेंडर तिच्यावरच चालते. मात्र जास्तीचं डिफरेन्शिअल आलं की जास्तीची खोडही आली. चारांपैकी एकच चाक अधांतरी झालं तरी सगळा जोर तिथून वाया जाऊ शकतो, म्हणून अशा गाड्यांत मधलं डिफरेन्शिअल जखडायची सोय ठेवावी लागते.

फोर-एल पकड वाढवत नाही

‘एल’ म्हणजे लो. ट्रान्सफर केसमध्येच गिअरची आणखी एक पायरी असते. ती लावली की चाकांची गती घटते आणि जोर त्याच पटीत वाढतो: जिम्नीत साधारण दोन पट, थार किंवा फॉर्च्युनरमध्ये अडीचच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकू शकते, क्लच न जाळता.

गैरसमज असा, की फोर-एल हा फोर-एचचा मोठा भाऊ आहे आणि अडकलं की तोच लावायचा. चाक घसरत असेल तर कमतरता पकडीची आहे, जोराची नाही. तिथे जोर अडीचपट केलात तर चाक अधिक जोमाने खड्डा खणेल. फोर-एल कामाला येतं ते दगडधोंड्यांवरून इंचाइंचाने जाताना, खड्या चढावर, दुसरी गाडी ओढून काढताना, आणि सगळ्यात जास्त खड्या उतारावर, कारण पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावरचा हा उपयोग फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा.

टू-एचवरून फोर-एचवर बहुतेक गाड्यांत चालता चालता, सरळ रस्त्यावर, ठराविक वेगाखाली जाता येतं. फोर-एलसाठी थांबावं, गिअर न्यूट्रल करावा, मग दांडा हलवावा. नेमका वेग तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आहे, ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या कागदाखाली.

सगळी चाकं जोडली, तरी दोनच का फिरतात?

आता व्हिडिओतल्या गाडीकडे. समजा मालकाने फोर-एच वेळेवर लावलं होतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट जखडले गेले. पण पुढच्या जोडीच्या मधोमध ओपन डिफरेन्शिअल आहे आणि मागच्या जोडीच्याही. गाडी खड्ड्यातून तिरपी गेली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं झालं, की दोन्ही जोड्यांमध्ये जू फिरलं. दोन चाकं हवेत गरगर, दोन जमिनीवर गप्प. फोर-व्हील ड्राइव्ह चालू आहे आणि गाडी इंचभर सरकत नाही.

यावर इंजिनिअरांनी तीन तोडगे काढले.

पहिला म्हणजे डिफरेन्शिअल लॉक: जू दांडीला खिळे ठोकून पक्कं करणं. डावं-उजवं चाक एकच गती घेतं आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला हवा तेवढा जोर मिळतो. फोर्स गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहे, ही भारतीय बाजारात दुर्मीळ गोष्ट. थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलवर यांत्रिक लॉक येतो. त्याला बटण नसतं. दोन चाकांच्या गतीत ठराविक फरक पडला की तो स्वतःच ‘ठक’ करून बसतो, त्यामुळे चाक थोडं फिरू द्यावं लागतं. फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरमध्ये आणि थार रॉक्समध्ये तो विजेवर चालतो. लॉक लावून कडक रस्त्यावर वळायचं नाही, कारण आता तो ४.७ मीटरचा फरक जिरवायला डिफरेन्शिअलच उरलेलं नाही.

दुसरा तोडगा लिमिटेड-स्लिप. त्यात जू पक्कं नसतं, पण बांधाला घर्षण असतं, सहजासहजी फिरत नाही. मध्यम मार्ग, मध्यम फळ.

तिसरा ब्रेकचा, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत हाच असतो. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर हेरतात की कुठलं चाक फुकट फिरतंय, आणि संगणक फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकाला विरोध मिळाला, की ओपन डिफरेन्शिअलच्या खोडीप्रमाणे तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही जातो. खोडीचाच उपयोग करून घेतला, हे मला आवडतं. जिम्नी याच भरवशावर आहे, तिच्यात यांत्रिक लॉक नाही. मर्यादा एवढीच की यात इंजिनचा जोर ब्रेकमध्ये जाळला जातो. फार वेळ चाललं तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा थोडा वेळ माघार घेते. दुसरं, ब्रेक लागायला क्षणभर वेळ लागतो आणि पाय अस्थिर असला की सगळं विसकटतं. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढणारे इथे हरतात. ॲक्सिलरेटर एकसारखा धरून दोन-तीन सेकंद थांबावं लागतं.

डॅशबोर्डवरचा ‘मड’ आणि ‘सँड’

स्क्रीनवर वाळूच्या टेकडीचं चित्र आलं म्हणून गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह येत नाही. डिझेल हॅरिअर-सफारीत ‘रफ’ आणि ‘वेट’ हे मोड आहेत, पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना जातो. मोड बदलला की ॲक्सिलरेटरची तत्परता, गिअर पडायची वेळ आणि संगणक चाकाला किती घसरू देतो, हे बदलतं. ओल्या रस्त्यावर तो जरा लवकर हस्तक्षेप करतो. वाळूत उलट त्याने गप्प बसायला हवं, कारण तिथे जोर कापला की गाडी थांबते, आणि वाळूत थांबलेली गाडी निघत नाही. या मोडना मी कमी लेखत नाही, पण ते उपलब्ध चाकांचं व्यवस्थापन आहे, चाकं वाढवत नाहीत. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरमध्ये असे मोड खऱ्याखुऱ्या ट्रान्सफर केसच्या जोडीला येतात, तिथे गोष्ट वेगळी.

तिसरी जात ऑल-व्हील ड्राइव्हची: एक्सयूव्ही ७००, ग्रँड व्हिटाराचा ऑलग्रिप प्रकार. एरवी पुढची चाकं गाडी ओढतात. ती घसरली की संगणक एक क्लच आवळतो आणि मागच्या चाकांनाही जोर जातो. चालकाला काही करावं लागत नाही. ताम्हिणीत ऑगस्टच्या पावसात ही यंत्रणा मस्त काम करते. मऊ वाळूत अर्धा तास झुंजायला ती बनवलेलीच नाही: क्लच तापतो, फोर-एल नसतं. विजेच्या गाड्यांत शाफ्टचीच कटकट संपते. जून २०२५ ला आलेल्या हॅरिअर ईव्हीच्या वरच्या प्रकारात पुढे एक मोटर आणि मागे एक मोटर आहे. दोघी यांत्रिकदृष्ट्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणून पीळ बसायचा प्रश्नच नाही.

पावसात मुंबईत लावू का?

शहरात बहुतेक वेळा, नको. ओलं डांबर घसरडं वाटलं तरी पार्ट-टाइम यंत्रणेला पीळ जिरवायला लागते तेवढं ते घसरडं नसतं, आणि मुंबईत प्रत्येक दोनशे मीटरवर वळण आहे. चिखलाचा कच्चा रस्ता, माळशेजच्या बाजूला दरड कोसळून आलेला राडारोडा, शेतघराकडे जाणारी लाल मातीची वाट, इथे जरूर लावा. तेही रुतण्याच्या आधी.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, अल्टोच्याही. ओल्या एक्स्प्रेसवेवर थांबायचं अंतर टायर आणि वेग ठरवतात. उलट जड एसयूव्ही सहज वेग पकडते, घसरल्याची जाणीव उशिरा होते, आणि चालकाला वाटत राहतं की आपल्याकडे फोर बाय फोर आहे. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की कायद्याने तो टायर बाद होतो, पावसासाठी त्याच्या बऱ्याच आधी. टायर बदलाल तेव्हा चारही एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असू द्या. घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही एक जोडी दुसरीपेक्षा जास्त फिरते, आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा क्लच विनाकारण राबतो.

पाण्यात चारही चाकांचं काय होतं

कंपनीच्या माहितीपत्रकात पाण्यातून जायची खोली दिलेली असते: थारला ६५० मिलिमीटर, गुरखाला ७००. लोक हा आकडा पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेसाठी वाचतात. तो आहे स्थिर पाण्यासाठी, माहीत असलेल्या तळासाठी, हळू चालणाऱ्या गाडीसाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी रस्त्यातलं पाणी स्थिर नसतं आणि मॅनहोल दिसत नाही.

टायरची पकड गाडीच्या वजनातून येते. चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद गाडीच्या तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढलं, तर ते गाडीला जवळजवळ ७०० किलोंनी वर उचलतं. आत पाणी शिरेपर्यंत गाडी होडी असते. वीस-पंचवीस सेंटिमीटर चढलं की दीड-पावणेदोन टनांची एसयूव्ही चाकांवर नावापुरती टेकलेली उरते, आणि मग चाकं चार फिरोत की आठ. इंजिनात पाणी शिरलं तर वेगळंच: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला पेलणारा रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नका. तशा नुकसानीला विम्यात बहुधा वेगळं ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलेलं असावं लागतं.

एक गोष्ट मात्र पाणी ओसरल्यावर कळते. चालून तापलेलं डिफरेन्शिअल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा हवेच्या छोट्या नळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, दातांना वंगण मिळत नाही, आणि काही महिन्यांनी मागून हुं-हुं असा आवाज यायला लागतो. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेला असाल, तर मेकॅनिकला पुढच्या-मागच्या डिफरेन्शिअलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल उघडून बघायला सांगा. इंजिन ऑइल तपासून तो गाडी परत देईल, म्हणून नाव घेऊन सांगा.

आणि ती वाळू

अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्याला बंदी आहे, पोलीस गुन्हाही नोंदवतात, आणि ते योग्यच आहे. पण वाळूत गाडी का रुतते हे समजायला हरकत नाही. रस्त्यासाठी ३२-३५ पीएसआय हवा भरलेला टायर मऊ वाळूत सुरीसारखा घुसतो. वाळूत चालवणारे लोक हवा १८-२० पर्यंत उतरवतात, टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. बरोबर हवा भरायचा पंप ठेवतात, कारण तशा टायरवर डांबरावर वेगात जाणं धोक्याचं. ही एक गोष्ट केली नाही तर लॉकसकट फोर-एलही गाडी गाडतं: चाकं खणत जातात, पोट वाळूवर टेकतं, चाकांवरचं वजन उतरतं, आणि मग जोर द्यायला काही उरत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास असतात, पण आपला किनारा सपाट, त्यामुळे पाणी आडवं फार लांबवर आणि भरभर येतं. व्हिडिओ तिथून सुरू होतो.

पैसे मोजावेत का?

गाडी ठाणे ते लोअर परळ आणि महिन्यातून एकदा द्रुतगती मार्गाने लोणावळा एवढीच जाणार असेल, तर नको. जास्तीचा ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि डिफरेन्शिअल यांचं वजन तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये वाहणार, मायलेज घटणार, देखभाल वाढणार. त्या पैशांत उत्तम टायर येतात. म्हणून तर जानेवारी २०२३ ला थारचा टू-व्हील ड्राइव्ह प्रकार आला, आणि तो घेणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही. घाटात वारंवार जाणाऱ्याला ऑल-व्हील ड्राइव्ह पुरतं. कर्जत-मुरबाडकडे जमीन आहे आणि शेवटचा एक किलोमीटर जुलैत चिखल असतो, तर पार्ट-टाइम घ्या, आणि सनरूफ की मागचा डिफरेन्शिअल लॉक असा पर्याय आला तर लॉक घ्या.

घेतलीच असेल, तर ती वापरा. काही कंपन्यांची पुस्तिका सांगते की महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फोर-एचमध्ये चालवा, म्हणजे पुढच्या भागांना ऑइल लागतं आणि जोडणी गंजून अडकत नाही. मुंबईत त्यासाठी वळणं नसलेला रस्ता शोधणं हेच अवघड. पावसाळ्यात पहाटे ओला असलेला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मुलुंडपासून सरळ लेनमध्ये, संथ गतीने, हा त्यातल्या त्यात बरा. हाताच्या कोपरासारखं वळण घेऊन खाली उतरण्याआधी आठवणीने टू-एचवर या.